पायाची शीर बंद पडली, आता पुन्हा बायपास?

प्रश्न : माझे वडील ६८ वर्षांचे. १३ वर्षांपूर्वी बायपास झाली, तीन ग्राफ्ट (अडथळ्याला वळसा घालून जोडलेल्या रक्तवाहिन्या) आहेत. परवा छाटणीच्या गडबडीत बागेतच छाती भरून आली. पित्त समजून आम्ही दोन तास घालवले. मिरजेला नेल्यावर ट्रोपोनिन (हृदयाच्या स्नायूला इजा झाल्याचं सांगणारी रक्ततपासणी) वाढलेलं निघालं. अँजिओग्राफीत पायाच्या शिरेचा एक ग्राफ्ट पूर्ण बंद, दुसरा ९० टक्के; छातीतला ग्राफ्ट चालू आहे. डॉक्टर स्टेंट (रक्तवाहिनी उघडी ठेवणारी बारीक नळी) म्हणतात, भावकी म्हणते पुन्हा बायपास करा. पहिलं ऑपरेशन नीट झालं नव्हतं का?
— एक वाचक, तासगाव

उत्तर : ती शंका आधी मनातून काढून टाका. पायाच्या शिरेचा ग्राफ्ट दहा वर्षांत जवळपास निम्म्या वेळा बंद पडतो किंवा खराब होतो. शिरेला कमी दाबाची सवय. तिला धमनीच्या जागी जोडणं म्हणजे ठिबकच्या नळीला मोटरचं पूर्ण प्रेशर देणं. भिंत जाड होते, चरबी साठते, वर गुठळी धरते. छातीतली धमनी मुळातच धमनी, म्हणून ती दहा वर्षांनंतरही बहुतेकांमध्ये चालू असते.

आणि ती चालू आहे, म्हणूनच मी दुसऱ्या बायपासच्या बाजूने नाही. पहिल्या ऑपरेशननंतर आत सगळं चिकटलेलं असतं. हाड पुन्हा कापताना त्याच्याखालच्या याच चांगल्या ग्राफ्टला इजा होऊ शकते. दुसऱ्या वेळचा धोका पहिल्यापेक्षा बराच जास्त असतो. भावकीची माया खरी, पण हा निर्णय अँजिओग्राफीची सीडी पाहूनच व्हायला हवा.

स्टेंटही सोपा नाही. जुन्या शिरेतला मळ ठिसूळ असतो. फुगा फुगवला की त्याचे कण पुढच्या बारीक रक्तवाहिन्यांत अडकतात आणि शीर उघडूनही रक्त पुढे जात नाही. जागा योग्य असेल तर हे कण अडवायला पुढे बारीक जाळी धरतात. काही वेळा ग्राफ्ट सोडून मूळ धमनीच उघडतात, पण वर्षानुवर्षं बंद असलेली धमनी कठीण झालेली असते. वेळ आणि डाय (रक्तवाहिन्या दिसाव्यात म्हणून सोडायचं औषध) दोन्ही जास्त लागतं. म्हणून डॉक्टरांना सरळ विचारा : स्टेंट ग्राफ्टमध्ये की मूळ धमनीत? कण अडवणारी जाळी बसेल का? क्रिएटिनिन, म्हणजे किडनीची तपासणी, किती आहे?

जाताना बायपासचा डिस्चार्ज कागद आणि ऑपरेशन नोट न्या. पत्र्याच्या पेटीत असेल तर आजच काढा. कुठला ग्राफ्ट कुठे जोडलाय हे त्यावर लिहिलेलं असतं. ते नसेल तर डॉक्टरांना ग्राफ्ट शोधत बसावं लागतं आणि तो जादा डाय किडनीला सोसावा लागतो.

स्टेंटनंतर रक्त पातळ करणाऱ्या दोन गोळ्या साधारण वर्षभर चालतात. दात काढायचा म्हणून परस्पर बंद करू नका. वाईट कोलेस्टेरॉल, म्हणजे एलडीएल, ५५ च्या खाली आणायचं. वडील बिडी ओढत असतील किंवा मिश्री लावत असतील तर ती बंद, त्यात तडजोड नाही.

मला खरी काळजी त्या दोन तासांची वाटते. बायपास झालेल्याचा ईसीजी बऱ्याचदा आधीच बदललेला असतो, त्यामुळे 'जुन्यासारखाच आहे' एवढ्यावर घरी परतू नका. ट्रोपोनिन करायला सांगा, गरज पडली तर काही तासांनी पुन्हा. छाती पुन्हा भरून आली तर सोडा-लिंबू देत बसू नका, लगेच १०८ लावा.