घर सोडायचं कधी?

प्रश्न : आमचं घर सांगलीत, कृष्णेजवळच्या सखल भागात. 2019 च्या महापुरात सासरे घर सोडून हलले नाहीत, वरच्या मजल्यावर राहिले. "पाणी येतं आणि जातं," असं म्हणतात. आता त्यांचं वय झालंय, रोज इन्सुलिन लागतं. मी काय तयारी करू?
– एक वाचक, सांगली

उत्तर : ताई, पिशवी भरण्याआधी एक आकडा शोधा. कृष्णेवरच्या आयर्विन पुलापाशी किती फूट पाणी असताना तुमच्या गल्लीच्या तोंडाशी पाणी लागतं? इशारा पातळी 40 फूट, धोक्याची 45, हे सांगलीत पोरंही सांगतील. पण ते झाले शहराचे आकडे. तुमच्या घराचा आकडा गल्लीतली जुनी माणसं सांगतील. त्याच्या तीन-चार फूट अलीकडचा आकडा धरा आणि तिथं पाणी पोचलं की निघा. रात्र असो, ऊन पडलेलं असो.

ऊन मुद्दाम म्हणते. सांगलीत उघडीप असते तेव्हाही वर घाटात नवजा, महाबळेश्वरला पाऊस कोसळत असतो, आणि ते पाणी खाली सांगलीकडेच येतं. तेव्हा कोयना धरणातून किती पाणी सोडलंय, तेही रोज बघा. त्यात सांगलीच्या खालच्या अंगाला हरिपूरच्या संगमावर वारणा नदीही भरून आलेली असली, तर कृष्णेचं पाणी लवकर ओसरत नाही.

2019 मध्ये कितीतरी घरं 2005 च्या पुराच्या खुणेवर विसंबून थांबली. पाणी 57 फुटांच्या वर गेलं. त्याच पुरात सांगली जिल्ह्यातल्या ब्रह्मनाळला गावकऱ्यांना बाहेर काढणारी बोट उलटून माणसं गेली. उशिरा निघणं किती जिवावर बेततं, ते तिथं दिसलं. मला ते आजही सहन होत नाही.

सासऱ्यांशी हिमतीवरून वाद घालू नका. वरचा मजला कोरडा राहीलही, पण वीज गेली की फ्रिज बंद आणि इन्सुलिनचा प्रश्न उभा. नळही बंद होतात. हे त्यांना डॉक्टरांकडून ऐकू द्या. आणि निघण्याचा आकडा त्यांनाच ठरवायला सांगा. नदी त्यांनी तुमच्यापेक्षा जास्त पाहिली आहे, आणि स्वतः दिलेला शब्द मोडणं जड जातं.

कागदपत्रं, औषधांच्या चिठ्ठ्या प्लॅस्टिकमध्ये बांधून ठेवा. निघताना मेन स्विच बंद करा. सिलिंडर साखळीनं बांधा, तो पाण्यात तरंगतो. विश्रामबागेकडे, उंचावरच्या भागात, कुणी नातेवाईक असतील तर त्यांच्याशी जूनमध्येच बोलून ठेवा; अपरात्री दार वाजवायचा संकोच उरणार नाही.