हजेरीच्या वहीतली टिंबे

«मी घरी मुलांच्या शिकवण्या घेते. माझ्याकडे दुसरीतला एक मुलगा येतो. त्याच्या अंगावर अधूनमधून वळ दिसतात. एकदा कानामागे काळेनिळे झाले होते. विचारले की “पडलो” म्हणतो. वडील तापट आहेत असे ऐकले आहे. आई मात्र अतिशय सालस, माझ्याशी मोकळेपणाने बोलणारी, सगळ्यांना धरून राहणारी बाई आहे आणि तिला दुखावेल असे काही माझ्या हातून होऊ नये असे वाटते. तसे काही दिसले, की मी हजेरीच्या वहीत त्याच्या नावापुढे पेन्सिलीने टिंब देऊन ठेवते, एवढेच. पण खात्री नसताना तक्रार करणे म्हणजे कुणाचा संसार मोडणे नाही का? आधी वडिलांशीच बोलून पाहू का?
– शिकवणीच्या बाई»

ताई,

खात्री आहे की नाही, हा प्रश्न आपण मला विचारला आहे खरा, पण त्याचे उत्तर “एवढेच” म्हणून उरकलेल्या त्या वाक्यात आपणच देऊन ठेवले आहे. शिकवणीला येणाऱ्या बाकीच्या मुलांचेही गुडघे फुटत असतील, कोपरे खरचटत असतील. त्यांच्या नावापुढे आपण टिंब दिलेले नाही. आपल्या नजरेने फरक केला, आणि तो बरोबर केला. खेळताना पडलेल्या मुलाला सहसा नडगीला, गुडघ्याला, कपाळाला लागते. कान, मान, पाठ, दंडाची आतली बाजू या जागी पडून सहजासहजी लागत नाही, आणि म्हणूनच मुलांचे डॉक्टर त्या जागी वळ दिसला की अधिक बारकाईने चौकशी करतात.

मला त्या टिंबाचा राग आला, हे लपवत नाही. तो मुलगा येतो, वही काढतो, पाढे म्हणतो. आपण त्याच्या नावापुढे पेन्सिल टेकवतो आणि पुढच्या मुलाचे गणित तपासायला घेतो. अशी किती टिंबे झाली म्हणजे खात्री पटली असे समजायचे, हे आपण ठरवले आहे का? कारण पुढचे टिंब वहीत पडण्याआधी त्याला पुन्हा एकदा मार बसलेला असणार.

खात्री करून घेणे हे आपले काम नाही. ते ज्यांचे काम आहे, त्यांच्यापर्यंत आपण पाहिलेले पोहोचवणे एवढेच आपल्या वाट्याला आहे, आणि ते आज करायचे आहे. १०९८ हा मुलांसाठीचा मदत क्रमांक आहे. तो चोवीस तास चालतो आणि त्यावर फोन करायला पैसे पडत नाहीत. दार लावून, हजेरीची वही समोर घेऊन फोन करा. मुलाचे नाव, अंदाजे वय, पत्ता, आपण काय पाहिले आणि केव्हा पाहिले, तेवढे सांगा. वडील मारतात असे म्हणू नका, कारण ते आपण पाहिलेले नाही. कानामागे काळेनिळे पाहिले, ते सांगा. आपले नाव गुप्त राहावे असे वाटत असेल, तर तेही स्पष्ट सांगा.

वडिलांशी मात्र एक शब्दही बोलू नका. ते बोलणे झाले की त्याच संध्याकाळी “बाईंना काय सांगितलेस?” असा प्रश्न त्या मुलाला घरी विचारला जाईल, आणि दुसऱ्या दिवसापासून त्याची शिकवणी बंद होईल. मग त्याचा कान बघणारे कुणी उरणार नाही. आईलाही आधी कल्पना देऊ नका. तिच्या सालसपणावर आपण जेवढी शाई खर्च केली आहे, तिच्या निम्मीसुद्धा मुलाच्या वाट्याला आलेली नाही. तीही त्या घरात सोसत असेल, तर चौकशीला येणाऱ्यांना ते दिसेल. पण ती प्रौढ आहे, तिला कुणाकडे तरी मन मोकळे करता येते, आणि तिचा मुलगा “पडलो” याच्या पुढे जाऊ शकत नाही.

राहिली संसार मोडण्याची भीती. फोन केला की मूल उचलून नेतात आणि घर उठते, असा समज सर्रास आहे. २०१५ च्या बाल न्याय कायद्यात मुलाला संस्थेत ठेवणे हा अगदी शेवटचा उपाय मानला आहे. प्रकरण बाल कल्याण समितीपुढे जाते. समितीत अध्यक्ष आणि चार सदस्य असतात, त्यांत किमान एक स्त्री असावीच लागते, आणि त्यांच्या आदेशावरून समाजसेवक किंवा बाल संरक्षण अधिकारी घरी जाऊन परिस्थिती पाहतात. त्याच कायद्याने, मूल ज्याच्या ताब्यात आहे त्याने त्याला मारहाण करणे, किंवा त्याला त्रास होईल अशी त्याची हेळसांड करणे, हा गुन्हा ठरवला आहे. तेव्हा “घरातली गोष्ट” म्हणून ती सोडून देता येत नाही. आपण लिहिलेल्या मजकुरात लैंगिक अत्याचाराचा संशय नाही, पण तसे काही कधी जाणवले तर लक्षात असू द्या, की २०१२ च्या पोक्सो कायद्यानुसार ते न कळवणे हाच अपराध आहे, आणि सद्भावनेने माहिती देणाऱ्यावर, शंका पुढे चुकीची ठरली तरी, कारवाई होत नाही.

फोन झाल्यावर पेन हातात घ्या आणि प्रत्येक टिंबासमोर आठवेल तेवढे लिहा: वळ शरीरावर कुठे होता, केवढा होता, मुलगा काय म्हणाला, तेही त्याच्याच शब्दांत. जे आठवत नाही ते रचू नका. पुढे कुणी अधिकारी भेटायला आले तर ही वही त्यांच्या उपयोगाची आहे.

मुलाला यापुढे खोदून विचारू नका. तेच तेच विचारल्याने मूल घाबरते, उत्तरे बदलते, आणि पुढे त्याच्या बोलण्यावर विश्वास ठेवणे इतरांना अवघड जाते. तो स्वतःहून काही बोललाच, तर शांतपणे ऐकून घ्या, सांगितलेस ते बरे केलेस म्हणा, आणि “कुणाला सांगणार नाही” असे वचन मात्र देऊ नका, कारण ते आपल्याला पाळता येणार नाही. शिकवणी नेहमीच्या वेळेला, नेहमीसारखीच चालू ठेवा. काही दिवसांत हालचाल दिसली नाही किंवा नवा वळ दिसला, तर पुन्हा १०९८ लावा आणि जिल्हा बाल संरक्षण कक्षाला लेखी कळवा. घरातून मारहाणीचा आवाज प्रत्यक्ष येत असेल, तर त्या क्षणी ११२ वर फोन करून पोलिसांना बोलवा.