स्मार्ट होमच्या कामाचा रेट वायरमनने कसा लावावा?

तुमचा प्रश्न असा की नाशिकला घरांची वायरिंग करता, आता कस्टमर मोबाइलवर चालणारे स्विच, व्हिडिओ बेल, स्मार्ट लॉक मागायला लागलेत. तर रेट पॉइंटवर (दर दिवा, पंखा, सॉकेटमागे इतके) सांगायचा की अख्ख्या घराचा ठोक, आणि कस्टमर ऑनलाइन माल घेऊन बसला असेल तर काय करायचं. मी पुण्यात हेच काम करतो, जास्त करून वाकड-बाणेरकडच्या सोसायट्यांत आणि थोडं पेठांतल्या जुन्या घरांत. नाशिकचे रेट थोडे खाली असतील, पण हिशोब तोच.

पॉइंट रेट लावू नका. तो नव्या वायरिंगसाठी ठीक आहे. पाइप टाकला, वायर ओढली, बोर्ड बसवला, दिवा लागला, काम संपलं. स्मार्ट कामात दिवा लागतो तेव्हा निम्मं काम बाकी असतं. ॲप टाकणं, वायफायला जोडणं, अलेक्सा, घरातल्या चौघांचे चार मोबाइल, आजींना वापर शिकवणं, आणि पंधरा दिवसांनी येणारा फोन: "अहो, हॉलचा पंखा ऑफलाइन दाखवतोय." हा फोन रेटमध्ये धरला नसेल तर त्याचं पेट्रोल तुमच्या खिशातून.

आधी स्वतःचा तास कितीला पडतो ते काढा. समजा घरखर्च, हेल्परचा पगार, गाडी, हत्यारं, फोन, विमा सगळं मिळून महिन्याला 60,000 रुपये लागतात. दिवस 25 धरा. दिवसाचे आठही तास बिलात येत नाहीत. ट्रॅफिक, दुकानातून माल आणणं, कोटेशन देणं यात तीन तरी जातात. राहिले पाच, म्हणजे महिन्याचे 125 तास. भागाकार केला की 480 रुपये तास. ही नुसती लागत झाली. त्यावर पाव भाग नफा धरला तर 600.

आता एक साधा टू बीएचके घ्या. सहा बोर्डांत मॉड्यूल (स्विचमागे बसणारा, मोबाइलवरून चालणारा छोटा डबा) आणि एक व्हिडिओ बेल. आधी पाहणी दीड तास, बोर्डाला पाऊण तास धरून साडेचार, बेल एक तास, ॲप आणि वायफायचं दोन तास, घरच्यांना शिकवणं एक तास, आणि महिन्याभरातली एक फेरी जाण्यायेण्यासकट दोन तास. एकूण 12 तास, म्हणजे 7,200 रुपये मजुरी. हेच काम तुम्ही 30 पॉइंट मोजून दीडशेने घेतलंत तर मिळतात 4,500. तासाला 375. दिवसभर राबून लागतसुद्धा निघाली नाही, आणि वरून कस्टमर म्हणणार, नुसते डबे तर बसवले.

हा तासांचा हिशोब कस्टमरला मात्र दाखवायचा नाही. तास दाखवले की तो घड्याळ लावून बसतो, मग चहाची पाच मिनिटंही मोजतो. त्याला ठोक आकडा द्या, पण खाली कामांची यादी लिहून: इतके बोर्ड, इतकी उपकरणं, इतक्या मोबाइलवर ॲप, शिकवणं, 30 दिवसांत एक फेरी मोफत. यादीत नाही ते जादा काम.

ठोक आकडा चुकतो तो पाहणी न करता फोनवर सांगितल्यामुळे. म्हणून पाहणीचे पैसे घ्या, 500 रुपये घेतले तरी चालतील, आणि काम मिळालं तर बिलातून वजा करा. फुकट पाहणी म्हटलं की चार जणांना बोलावून सगळ्यांकडून माहिती काढणारे खूप भेटतात.

पाहणीला गेलात की बोर्ड उघडल्याशिवाय आकडा तोंडातून काढू नका. आपल्याकडे बहुतेक बोर्डांत सॉकेट असतो, त्यामुळे मॉड्यूलला लागणारा न्यूट्रल, म्हणजे करंटची परतीची वायर, मिळतो. नड येते नुसत्या स्विचच्या बोर्डात, जिन्यातल्या आणि पलंगाजवळच्या टू-वेमध्ये (एकच दिवा दोन जागांहून चालतो तिथे). तिथे न्यूट्रल ओढायचा तर भिंत फोडायची का पट्टी मारायची, हे आधी ठरवून घ्या. बिनन्यूट्रलचं मॉड्यूल मिळतं, पण त्यातून थोडा करंट दिव्याकडे जातच राहतो, आणि कमी वॉटचा एलईडी बंद केल्यावरही मिणमिणतो. रात्री ते दिसलं की फोन आलाच.

नव्या फ्लॅटमध्ये न्यूट्रल असतो, पण पेटी उथळ आणि वायरींनी गच्च भरलेली. मॉड्यूल मागे बसतच नाही. पेटी बदलायची तर टाइल्सला धक्का लागतो. पेठेतल्या लाकडी बोर्डात जागा भरपूर, पण वायरीचं आवरण इतकं कडक झालेलं की वाकवली की तुटतं, आणि अर्थिंग कुठे दिसतच नाही. अशा घरात आधी वायरिंगचं काम, मग स्मार्टचं. दोन वेगळी कोटेशनं. कस्टमर म्हणेल नुसतं स्मार्ट करून द्या, तर सरळ नाही म्हणा.

इन्व्हर्टर असेल तर कुठल्या लाइनचा न्यूट्रल कुठे गेलाय ते तपासा. एका सर्किटचा फेज आणि दुसऱ्याचा न्यूट्रल असा उसना घेतला की आरसीसीबी (करंट गळतोय असं दिसलं की लाइन तोडणारा स्विच) पडत राहते, आणि ठपका तुमच्या मॉड्यूलवर येतो. पंखे बीएलडीसी (कमी विजेवर चालणारे, रिमोटवाले) आहेत का बघा. त्यांना रेग्युलेटरवाली लाइन चालत नाही. फक्त चालू-बंद द्या आणि स्पीडसाठी रिमोटचा सिग्नल देणारा आयआर ब्लास्टर लावा. गीझर साध्या चार चॅनेलच्या मॉड्यूलवर घेऊ नका. 2 किलोवॉटचा गीझर 230 व्होल्टला सुमारे 8.7 अँपिअर सलग ओढतो. त्याला 16 अँपिअरचं वेगळं मॉड्यूल किंवा काँटॅक्टर (जड लोड चालू-बंद करणारा स्विच), आणि त्याचे वेगळे पैसे.

शेवटी वायफाय. बहुतेक स्वस्त उपकरणं 2.4 गिगाहर्ट्झवरच चालतात. मोबाइल घेऊन प्रत्येक बोर्डासमोर उभं राहा आणि सिग्नल बघा. शेवटच्या बेडरूममध्ये रेंज नसेल तर ते कोटेशनवर लिहा, नाहीतर राउटरचा दोषही तुमच्याच माथी.

मालाचं म्हणाल तर कस्टमर तुमच्यासमोर मोबाइल काढून ऑनलाइन किंमत बघणारच, त्यामुळे लपवाछपवीत अर्थ नाही. मी दोन पर्याय देतो. माल माझा असेल तर त्यावर 15 ते 20 टक्के धरतो, आणि वॉरंटीत उपकरण बिघडलं तर काढणं, बदलून आणणं, पुन्हा बसवणं माझ्याकडे. माल कस्टमरचा असेल तर मजुरी थोडी जास्त, जबाबदारी फक्त वायरिंगची, आणि उपकरण बदलायला आलो तर फेरीचे पैसे. दोन्ही आकडे शेजारी शेजारी लिहिले की बरेच जण आपणहून पहिला पर्याय घेतात. वेगवेगळ्या चार ॲपचा माल आणून ठेवलेला असेल तर ॲपचे तास वाढवा, कारण सगळं एकत्र आणणं हेच मोठं काम होऊन बसतं. ऑक्टोबर 2022 मध्ये मॅटर नावाचं सामाईक मानक आलं, त्यावर चालणारा माल असला की हा त्रास कमी होतो. पण बाजारात अजून दोन्ही प्रकारचा माल आहे, खोक्यावरचं चिन्ह बघा.

जीएसटीत अनेक जण फसतात. 40 लाखांची मर्यादा फक्त माल विकणाऱ्यांसाठी आहे. मजुरीही घेता म्हणजे महाराष्ट्रात तुमची मर्यादा वर्षाला 20 लाख, आणि तुमच्या नावावर बिल केलेला मालही त्यात मोजला जातो. महिन्याला पावणेदोन लाखांची बिलं झाली की ओलांडलीच. नोंदणी नसेल तर बिलात जीएसटी लावता येत नाही, आणि मालावर भरलेला 18 टक्के परतही मिळत नाही, म्हणून तो लागतीत धरा. सीएला एकदा भेटा. 50 लाखांपर्यंत कंपोझिशन योजना आहे, तिच्यात उलाढालीवर सरसकट 6 टक्के कर भरायचा, पण तो कर कस्टमरकडून वेगळा घेता येत नाही.

पैसे असे घ्या: मालाचे पूर्ण आगाऊ, मजुरीतले निम्मे काम सुरू करताना, बाकीचे ॲप चालू करून दाखवल्यावर त्याच दिवशी. "एक आठवडा वापरून बघतो, मग देतो" हे मान्य करू नका. त्यासाठीच 30 दिवसांची फेरी दिलेली आहे.

ॲपचं खातं कस्टमरच्याच नंबरवर उघडा, आणि पासवर्ड त्याच्याच हाताने टाकू द्या. तुमच्या मोबाइलवर ठेवलंत तर कोणाच्या बेडरूमचा दिवा कधी लागतो हेही तुम्हाला दिसणार, आणि पुढे काही झालं की पहिला संशय तुमच्यावर. नंतरचे निम्मे फोन इंटरनेटवाला राउटर बदलून गेल्यावर येतात. नव्या राउटरला जुनंच नाव आणि जुनाच पासवर्ड द्या, असं कार्डावर छापून बोर्डाशेजारी चिकटवा. तरी बोलावलं तर फेरीचे पैसे. वर्षाचा करार हवा असेल तर दोन फेऱ्या आणि फोनवरची मदत मिळून 2,000 ते 2,500 मी घेतो. स्मार्ट लॉकला सुताराचं काम वेगळं लिहा, आणि रात्री दहानंतर दार उघडायला बोलावलं तर दुप्पट, हेही आधीच. मेकॅनिकल किल्ली घराबाहेर कोणा नातेवाइकाकडे ठेवायला सांगा.

कोटेशनवर एक ओळ नक्की टाका की कंपनीचं ॲप किंवा सर्व्हर बंद पडला तर ती जबाबदारी आमची नाही, पण भिंतीवरचा स्विच हाताने चालेल असंच काम करून देऊ. अमेरिकेत इन्स्टिऑन कंपनीचे सर्व्हर एप्रिल 2022 मध्ये अचानक बंद झाले आणि लोकांचं घर ॲपला दाद देईना. पुढे नव्या मालकांनी ती सुरू केली, पण मधले आठवडे वायरमनने काय सांगायचं?

घासाघीस होणारच. इंटिरिअरवाला दहा टक्के मागेल, ते सुरुवातीलाच आकड्यात धरा. कस्टमरने कमी करा म्हटलं तर रेट नाही, काम कमी करा: "पाहुण्यांच्या खोलीचा बोर्ड आत्ता नको, 1,200 कमी होतील." एकदा का तोच माल, तेच काम आणि हजार रुपये कमी केलेत, की शेजारच्या फ्लॅटवाल्याला तोच रेट आधीच कळलेला असतो.