सांगलीचं वेळापत्रक आणि सीवूड्सची बाल्कनी

ताई, तुम्ही बरंच एकदम विचारलंय. नवी मुंबईत सीवूड्सला अकराव्या मजल्यावर पश्चिमेची बाल्कनी. फेब्रुवारीत लावलेल्या टोमॅटोला फुलं येतात आणि गळतात. मिरची आकसलीय, लिंबाची पानं कोणीतरी कुरतडतंय, कढीपत्ता हातभर वाढून थांबलाय, घरातला मनी प्लांट पिवळा पडतोय. आणि शिवाय ड्रममध्ये हापूस लावायचाय. सांगलीला आई अंगणात हेच सगळं करते, तिला सगळं येतं, मग मलाच का नाही, असंही विचारलंय.

आईचं काही चुकत नाही. तिचे महिने तुमच्याकडे लागू पडत नाहीत, एवढंच. सांगलीत वर्षाला सहाशे मिलिमीटरच्या आतबाहेर पाऊस, आपल्याकडे अडीच हजारांच्या आसपास आणि तोही जवळजवळ सगळा चार महिन्यांत. मी ठाण्यात घोडबंदर रोडला राहतो. इथे बरीच वर्षं कुंड्या सांभाळल्यावर माझं मत पक्कं झालंय की आपल्या भागात झाड मरतं ते बहुधा खतावाचून नाही, चुकीच्या महिन्यात लावल्याने किंवा मुळाशी पाणी साचल्याने. यूट्यूबवरचे बरेचसे हिंदी व्हिडिओ दिल्ली-लखनौच्या हवेचे असतात. त्यांचा ‘फेब्रुवारीत लावा’ हा सल्ला तिथे बरोबर आहे, खाडीकाठी नाही.

आधी टोमॅटो. त्याला रात्र थंड लागते. रात्रीचा पारा २१-२२ अंशांच्या वर आणि दिवसाचा ३२-३५च्या पुढे राहायला लागला की परागकण धड तयार होत नाहीत. फळ न धरलेलं फूल झाड सोडून देतं. गळायच्या बेतात आलेलं एखादं फूल जवळून बघा. त्याच्या देठावर मध्येच एक फुगीर गाठ दिसेल. आधी तिथे पिवळं पडतं आणि तिथूनच ते सुटतं, जणू कोणी नखाने खुडलंय. आपल्याकडे रात्री विशीच्या खाली उतरतात त्या साधारण डिसेंबर ते फेब्रुवारीत. मार्चपासून खाडीची दमट हवा रात्रीही सोडत नाही. सांगलीत एप्रिलच्या दुपारी आपल्यापेक्षा जास्त भाजतं, पण पहाटेपर्यंत हवा उतरते. आईचे टोमॅटो त्या पहाटेवर येतात.

म्हणून इथे टोमॅटोचं बी गणपतीच्या सुमारास टाकायचं, रोपं दसऱ्याच्या आसपास मोठ्या कुंडीत लावायची. ऑक्टोबरच्या दुपारी त्यांना थोडा आडोसा दिला की नाताळपर्यंत पहिली फळं लागतात आणि मार्चपर्यंत चालतात. अकराव्या मजल्यावर माश्या-भुंगे कमी येतात, म्हणून सकाळी फुलांच्या दांड्याला टिचकी मारायची किंवा जुना इलेक्ट्रिक टूथब्रश क्षणभर टेकवायचा, पराग झडून तिथल्या तिथे काम होतं. आत्ताची झाडं मात्र उपटून टाका. मे संपत आलाय, पावसात त्यांच्यावर करपा येणारच, आणि तो शेजारच्या वांग्या-बटाट्यावरही जातो.

फ्लॉवर, मेथी, पालक, कोथिंबीर, मुळा, वाटाणा, सगळे थंडीचेच. मेथीचं एक सांगतो, बाजारात लहान जुड्यांत मिळते ती समुद्रमेथी वाळूत वाढवलेली असते. पसरट ट्रेमध्ये वाळू मिसळलेल्या मातीत घरचीच मेथी दाट पेरा, पंधरा दिवसांत मुळासकट उपटून आमटीत घालता येते. बाल्कनीतल्या भाज्यांमध्ये मेहनतीच्या मानाने इतकं पदरात टाकणारी दुसरी मला माहीत नाही.

आता येणाऱ्या पावसाचं बघू. तुमची बाल्कनी पश्चिमेची, म्हणजे नैर्ऋत्येकडून येणारा पाऊस थेट कुंड्यांवर आपटणार. जूनमध्ये कुंड्या भिंतीकडे सरकवा, प्रत्येकीखाली विटांचे दोन तुकडे ठेवा आणि तळाची भोकं सळईने मोकळी करा. पावसाळ्यात शेणखत ओतत बसू नका, निम्मं वाहून खालच्या मजल्यावरच्या काकूंच्या वाळत घातलेल्या चादरीवर जातं. भांडणाचं निम्मं कारण तेच असतं.

या दिवसांत लावायचं ते दमटपणा सोसणारं: भेंडी, चवळी, दोडका, काकडी, कारलं, लाल माठ आणि अळू. भेंडी पेरल्यापासून दीड-पावणेदोन महिन्यांत तोडायला येते आणि मग एक दिवसाआड तोडावीच लागते, राहिली की दोरखंड होते. बी घेताना परभणी क्रांतीसारखं केवड्याला दाद न देणारं वाण मागा. केवडा म्हणजे पानांच्या शिरा पिवळ्या पडणं, पांढरी माशी तो पसरवते आणि एकदा झाला की औषध नाही. अळू जुन्या बादलीत लावलं तरी पाऊस त्याला पुरतो. फक्त वडीचंच अळू मागून घ्या, काळसर देठाचं.

दोडका आणि काकडीला उंचावर हाताने फळ धरवावं लागतं. काकडीचं फूल सकाळी उमलतं, दोडक्याचं संध्याकाळी पाचच्या पुढे, म्हणून सकाळी ऑफिसला जाण्याआधी दोडक्याकडे बघून काही हाती लागत नाही. मादी फुलाच्या मागे बोटाच्या पेराएवढा इवला दोडका आधीच असतो, नराच्या मागे नुसता देठ. नर फूल खुडून पाकळ्या मागे वळवा आणि त्याचा पिवळा गाभा मादीच्या मध्यावर दोन-तीनदा टेकवा. फळ धरलं असेल तर तो इवला दोडका तीन दिवसांत फुगलेला दिसतो, नाहीतर टोकाकडून पिवळा पडत जातो.

उन्हाच्या दिशेचं ज्यांना उपयोगी पडेल त्यांच्यासाठी. ठाणे-नवी मुंबईवरून सूर्य मेच्या मध्यात आणि पुन्हा जुलैच्या अखेरीस बरोबर डोक्यावरून जातो. त्या मधल्या काळात दुपारी तो किंचित उत्तरेला असतो. म्हणून दक्षिणेच्या बाल्कनीत ऐन मे-जूनमध्ये ऊन उतरतच नाही, आणि डिसेंबरात मात्र पार हॉलच्या सोफ्यापर्यंत येतं. थंडीच्या भाज्यांना दक्षिणेची बाल्कनी म्हणजे लॉटरी. तुमच्यासारख्या पश्चिमेच्या बाल्कनीला पावसाळ्याचे ढगाळ दिवस सोडले तर वर्षभर दुपारचं चार-पाच तास ऊन मिळतं, ते पुरतं. पण एप्रिल-मेमध्ये भिंत आणि ग्रिल तापून कुंडीची एक बाजू भाजते, तेव्हा निम्मं ऊन अडवणारी, पन्नास टक्क्यांची हिरवी जाळी बांधा.

माती. नर्सरीवाला देतो ती लाल माती एकटी वापरली की दोन पावसांत तिची वीट होते. एक भाग माती, एक भाग गांडूळखत किंवा कुजलेलं शेणखत, एक भाग सुका पालापाचोळा आणि मूठभर निंबोळी पेंड. कोकोपीट, म्हणजे नारळाच्या काथ्याचा भुसा, उन्हाळ्यात चांगलं, पण पावसाळ्यात ते पाणी धरून ठेवतं, म्हणून आत्ता भरणार असाल तर कमी घाला. कोल्हापूरच्या श्रीपाद दाभोळकरांच्या प्रयोग परिवाराने पालापाचोळा कुजवून हलकी माती करण्याची पद्धत रुजवली, ती फ्लॅटला फार सोयीची आहे, कारण तिचं वजन कमी भरतं. त्यातलं अमृतजल, म्हणजे शेण, गोमूत्र आणि गुळाचं आंबवलेलं पाणी, गावी करा. बंद बाल्कनीत त्याचा वास तीन दिवस राहतो.

मिरची आकसली म्हणजे चुरडा-मुरडा. पानं होडीसारखी वर वळली असतील तर बहुधा फुलकिडे, कडा खाली वळल्या असतील तर कोळी नावाची बारीक कीड. दोन्ही पानाखाली बसतात. वरून फवारणी करून उपयोग नाही. एक लिटर पाण्यात पाच मिली कडुलिंबाचं तेल, ते मिसळायला चार थेंब भांड्याचं लिक्विड, आणि संध्याकाळी पानांच्या मागच्या बाजूने मारा. आठवड्याने पुन्हा. शेंडे फारच गुंडाळले असतील तर कापून टाका, नवे येतात.

लिंबाची पानं खाणारा बघायला मात्र जरा वेळ काढा. पानाच्या वरच्या बाजूला पक्ष्याने शिटल्यासारखा काळपट-पांढरा ठिपका दिसला की तो पुसू नका, हलतोय का बघा. ती फुलपाखराची अळी आहे, लहानपणी पक्ष्यांना फसवायला असं सोंग घेते. मोठी झाली की हिरवीगार होते. काडीने डिवचली की डोक्यामागून दोन लालसर शिंगं बाहेर काढते आणि उग्र वास सोडते. तीच कढीपत्त्यावरही येते, दोन्ही झाडं एकाच कुळातली. औषध मारू नका, रोप लहान असेल तर उचलून बाजूला करा. झाड मोठं झालं की दोन-चार अळ्यांना खाऊ द्या, आमच्याकडची नातवंडं त्या अळ्या बरणीत ठेवून फुलपाखरू बाहेर पडायची वाट बघतात.

कढीपत्त्याला ऊन आणि उपवास दोन्ही लागतात. तुम्ही रोज पाणी घालत असणार. बोट दुसऱ्या पेरापर्यंत मातीत खुपसा, कोरडं लागलं तरच पाणी. ताक घालण्याचा सल्ला सगळे देतात. पातळ करून महिन्यातून एकदा घातलंत तर बिघडत काही नाही, पण ताकाने झाड वाढतं हे मला पटलेलं नाही. वाढतं ते शेंडा खुडल्याने. आत्ता, पहिल्या पावसाआधी, वरचा वीतभर शेंडा कापा, खालून दोन-तीन फांद्या फुटतील. पुढेही आमटीसाठी सुटी पानं ओरबाडू नका, डहाळीचा शेंडा मोडून घ्या.

हापूसचा नाद बाल्कनीत नको. ओल्या मातीने भरलेला दोनशे लिटरचा ड्रम तीनशे किलोच्या पुढे जातो, आणि ते वजन बाल्कनीच्या एकाच कोपऱ्यावर येतं. शिवाय अकराव्या मजल्यावरचा वारा मोहोर झाडून टाकेल आणि ऊनही अर्ध्या दिवसाचंच. गच्ची असेल आणि सोसायटीने इंजिनिअरला विचारून लेखी परवानगी दिली असेल तर आम्रपाली घ्या. दशहरी आणि नीलमचा तो संकर बुटका राहतो आणि दरवर्षी धरतो. हापूसचीच चव हवी असेल तर दापोलीच्या कोकण कृषी विद्यापीठाची रत्ना, ती नीलम आणि हापूसची. पण झाड मोठं होतं, तिला जमीनच बरी. रस्त्याकडेला कुंडीत आंबे लगडलेलं कलम विकायला असतं, त्याला भुलू नका. घ्यायचं ते बिनफळाचं, सांधा नीट जुळलेलं कलम, आणि सांध्याच्या खाली फुटलेला प्रत्येक कोंब काढत राहायचं, नाहीतर वरचं कलम मरून खालचा रायवळ वाढतो.

बाल्कनीत फळझाड हवंच असेल तर कागदी लिंबाचं कलम आहेच, जोडीला पन्नास लिटरच्या कुंडीत सरदार पेरू. चिकूला आपली खारी हवा मानवते, कालीपत्ती घोलवड-डहाणूला उगाच पिकत नाही, पण त्यालाही गच्चीच. डाळिंब नको, दमट हवेत फळ तडकतं आणि तेल्या रोग येतो.

मनी प्लांट पिवळा पडतोय तो पाण्याने. एसीच्या खोलीतली माती सुकायला आठवडा लागतो. घरातल्या झाडांनी हवा शुद्ध होते म्हणून दहा कुंड्या आत आणणार असाल तर थांबा. तो समज नासाच्या १९८९च्या प्रयोगावरून पसरला, आणि तो प्रयोग हवाबंद पेटीतला होता. घरात खिडकी उघडल्याने त्याहून जास्त फरक पडतो. दिसायला छान म्हणून ठेवा, स्नेक प्लांट आणि झेडझेड प्लांट पाणी घालायला विसरलात तरी जगतात. घरात रांगतं मूल किंवा मांजर असेल तर मनी प्लांट आणि डिफेनबेकिया उंचावर, चावले तर तोंडाची आग होते.

कुंड्यांखालच्या ताटल्या जून ते ऑक्टोबर काढूनच टाका. डेंग्यूच्या डासाला अंड्यापासून उडेपर्यंत आठ-दहा दिवस पुरतात, आणि पालिकेची माणसं तपासायला आली की आधी ताटल्याच बघतात. ग्रिलच्या बाहेर लटकवलेल्या कुंड्याही आत घ्या, अकराव्या मजल्यावरून पडलेली कुंडी खाली कोणाच्या डोक्यात बसली तर काय होईल ते सांगायला नको.

मिरचीच्या पानाच्या मागच्या बाजूचा जवळून काढलेला फोटो टाका, शक्यतो सकाळच्या उजेडात. फुलकिडे की कोळी ते बघून फवारणी किती दिवसांनी करायची ते सांगतो.