‘डिड नॉट वेंट’मधले दोन डिड

प्रश्न आहे : ‘आय डिड नॉट गो’ हे वाक्य भूतकाळी, मग क्रियापद वर्तमानाचं का? ‘आय डिड नॉट वेंट’ म्हटलं तर काय बिघडतं?

भूतकाळ दोनदा लागतो, हे बिघडतं. चांगली शिकलेली माणसं हे बिनदिक्कत बोलतात आणि दर वेळी दाताखाली खडा येतो. ‘गो’ इथे वर्तमानातलं नाहीच, नुसतं मूळ रूप आहे. काळ दाखवायचं काम ‘डिड’ करतो.

खरी मौज ‘वॉक्ड’, ‘प्लेड’मधल्या भूतकाळी ‘एड’ प्रत्ययात आहे. तो म्हणजे झिजलेला ‘डिड’! ‘लव्हड’ म्हणजे अक्षरशः ‘प्रेम-केलं’. पुरावा चौथ्या शतकातल्या गॉथिक बायबलच्या भाषेत, म्हणजे इंग्रजीच्या एका जुन्या नातलग भाषेत आहे : ‘सल्बोन’ म्हणजे लेप लावणं, आणि ‘आम्ही लेप लावला’ म्हणजे ‘सल्बोदेदुम’. त्यातला ‘देद’ बघा, डिड उघड्यावर बसलाय. शिवाय हा ‘डू’ आपल्या संस्कृत ‘धा’ (ठेवणं) धातूचा सख्खा भाऊ. ‘दधौ’ या त्याच्या भूतकाळी रूपामध्ये धातूचं पहिलं अक्षर दोनदा येतं, तशीच ‘डिड’मध्ये ड-ची द्विरुक्ती!

काही पंडित मात्र हा प्रत्यय ‘कृत’, ‘श्रुत’ यांतल्या ‘त’शी जोडतात. ‘हॅव लव्हड’मधल्या कृदंतापुरतं ते अगदी बरोबर. आपला ‘गेला’ही ‘गत’वरूनच आला, त्यामुळे मराठी माणसाला ही व्युत्पत्ती चटकन पटते. पण साध्या भूतकाळाला ती चिकटवायची, तर गॉथिक अनेकवचनातला तो जादा ‘देद’ कुठून टपकला, हे आधी सांगा. ‘सादृश्यामुळे’, म्हणजे दुसऱ्या रूपांची नक्कल झाली, एवढं म्हणून हात झटकणं म्हणजे उत्तर नव्हे.

आणि ‘वेंट’? तो मुळात ‘गो’चा नाहीच. वळणं, वाट धरणं अशा अर्थाचा ‘वेंड’ धातू होता. सेंड-सेंट, बेंड-बेंट, तसं वेंड-वेंट. ‘गो’चा जुना भूतकाळ ‘एओदे’ पंधराव्या शतकाच्या सुमारास मागे पडला आणि त्याची जागा ‘वेंट’ने बळकावली. बिचाऱ्या ‘वेंड’ला मग ‘वेंडेड’ असं नवं रूप घ्यावं लागलं. म्हणजे ‘वेंट’च्या शेवटचा ‘ट’सुद्धा तोच जुना डिड! ‘वेंट’ सोडवतच नसेल, तर ‘आय वेंट नॉट’ म्हणा. आज ते जुनाट वाटेल, पण एके काळी इंग्रजीत नकार असाच देत.