नाणी-तिकिटांच्या मंडळाला तरुण यावेत, तर बैठक कधी ठेवायची?

तुमचा प्रश्न मला कळला तो असा: कोल्हापुरातलं तुमचं नाणी आणि टपाल तिकिटं जमवणाऱ्यांचं मंडळ दर महिन्याच्या पहिल्या गुरुवारी दुपारी चारला जमतं. पंचविशी-तिशीतली पोरं-पोरी वर्गणी भरून नाव नोंदवतात, ग्रुपवर नाण्यांचे फोटो टाकतात, पण बैठकीला फिरकत नाहीत. आणि वेळ बदलावी तर जुने सभासद रुसतील.

उत्तर आधी देऊन टाकते. चौथा शनिवार. दार संध्याकाळी पाचला उघडा, मुख्य विषय सातला सुरू करा, सव्वाआठला संपवा. हे का, ते आता सविस्तर लिहिते, कारण कारण न सांगता नुसती वेळ कमिटीपुढे ठेवली तर पहिल्याच मिनिटाला कोणीतरी "मग पाचलाच का नको?" म्हणणार.

मी दिवसा कर सल्लागाराच्या ऑफिसात काम करते आणि आमच्या स्केचिंगच्या गटाची तारीख-वेळ ठरवण्याचं काम माझ्याकडे आहे. गटात बँकेतले आहेत, एमआयडीसीतले आहेत, घरी बसून पुण्याच्या कंपनीचं काम करणारे आहेत, राजारामपुरीत दुकान सांभाळणारेही आहेत. त्यामुळे कोणाला कधी सवड असते याचा अंदाज आहे.

गुरुवारी दुपारी चारला नोकरी करणारा माणूस मोकळा असूच शकत नाही. अपवाद एकच, फर्स्ट शिफ्ट करून तीनला सुटलेला कामगार. पण तो पहाटे पाचला उठलेला असतो आणि त्याचं गाव कागलकडे किंवा हातकणंगलेकडे असतं. तो शहरात येऊन तुमच्या सभागृहात बसेल ही अपेक्षा जरा जास्तच आहे.

मग लोक म्हणतात, शनिवार घ्या, सुट्टी असते. कोणाला असते? राज्य सरकारी कार्यालयांना २९ फेब्रुवारी २०२० पासून पाच दिवसांचा आठवडा आहे, त्यांना सगळे शनिवार मोकळे. बँकांना सप्टेंबर २०१५ पासून फक्त दुसरा आणि चौथा. शिरोली, गोकुळ शिरगाव, उद्यमनगरातल्या बहुतेक खासगी कारखान्यांत आणि ऑफिसांत शनिवार हा पूर्ण कामाचा दिवस असतो. मंडळांच्या कमिटीत सरकारी नोकरीतून निवृत्त झालेली मंडळी जास्त असतात, त्यामुळे "शनिवारी सकाळी दहाला" हा ठराव एकमताने मंजूर होतो आणि ज्यांच्यासाठी केला ते त्या वेळी मशीनवर उभे असतात. शनिवार घ्यायचाच, पण संध्याकाळचा. दुसऱ्या दिवशी गजर लावायचा नसतो, ही शनिवार संध्याकाळची खरी किंमत. रात्री साडेआठ वाजले तरी जीव घाईला येत नाही.

आता चौथाच का? हा माझ्या धंद्यातला हिशेब आहे. टीडीएस भरायची तारीख ७, जीएसटीचं विक्रीचं रिटर्न ११, पीएफ १५, आणि थ्री-बी, म्हणजे जीएसटीचं कर भरायचं रिटर्न, २०. दुसरा शनिवार ८ ते १४ च्या दरम्यान पडतो, म्हणजे ११ तारखेच्या अंगावर. चौथा पडतो २२ ते २८ च्या दरम्यान: विसाची धावपळ संपलेली, महिनाअखेरीचं डिस्पॅच बहुतेक वेळा अजून अंगावर यायचं असतं. अकाउंटवाले, बँकवाले, कारखान्यातले स्टोअरवाले, सगळ्यांना त्यातल्या त्यात श्वास घ्यायला मिळणारा आठवडा तो. एकच तोटा, तेव्हा खिसा रिकामा असतो. तुमच्याकडे अदलाबदल आणि खरेदी-विक्री होते असं तुम्ही लिहिलंय. ती चौथ्या शनिवारी थंड चालेल. वर्षातून दोनदा मोठा अदलाबदलीचा मेळावा करत असाल तर तो दुसऱ्या शनिवारी घ्या, पगार हातात असतो. मार्चमध्ये मात्र काहीही ठेवू नका. आमच्यासारखे लोक तेव्हा घरच्यांनाही भेटत नाहीत.

रविवार का नको, असं विचाराल. रविवार सकाळ मला आवडते, आमचं स्केचिंग तेव्हाच असतं, कारण आम्हाला ऊन लागतं आणि रंकाळ्यावर आठनंतर गर्दी होते. पण कोल्हापुरात रविवारी दहानंतर माणूस मटणाच्या रांगेत असतो. बारा ते चार तर विसराच: जेवण, मग झोप. पुण्यात नोकरी करणारी जी पोरं शुक्रवारी रात्री घरी येतात, त्यांनाही रविवार दुपारपासून परतीच्या गाडीचे वेध लागतात. सकाळी आठ ते दहा एवढीच फट उरते, आणि तुमच्या मंडळातल्या ज्येष्ठांना पूजा-नाश्ता उरकून आठला पोहोचणं जमेल का, ते तुम्हीच ओळखता. दुकानात काम करणाऱ्यांना मात्र तीच वेळ सोयीची, कारण शनिवारी रात्री नऊच्या आधी त्यांचं शटर खाली येत नाही. त्यांच्यासाठी तीन महिन्यांतून एकदा रविवारी सकाळी मिसळीच्या निमित्ताने जमा. त्याला बैठक म्हणू नका.

आता तुमची खरी अडचण, जुने सभासद. त्यांची तक्रार खोटी नाही. दिवेलागणीनंतर गाडी चालवायला नको वाटते, जेवण आणि गोळ्यांची वेळ ठरलेली असते, आणि भिंगाखाली झिजलेली शिवराई, म्हणजे शिवकाळातलं तांब्याचं नाणं, बघायची तर दिवसाचा उजेड हवा, ट्यूबलाइटखाली तिच्यावरची अक्षरं लागत नाहीत. म्हणून वेळ सरकवू नका, लांबवा. पाचला दार उघडलं की ज्येष्ठांनी यावं, खिडकीजवळ बसून नाणी बघावीत, एकमेकांशी बोलावं, जे ते आज गुरुवारी करतात तेच. साडेसहाच्या सुमाराला चहा. तोवर सहाला सुटलेला, घरी जाऊन हातपाय धुऊन निघालेला मुलगा पोहोचतो. सातला विषय. ज्यांना लवकर जायचंय ते साडेसातला उठतील, ज्यांना उशिरा यायचंय ते सव्वासातला येतील, आणि दोघांची गाठ पडेल ती विषय चालू असताना. एकाच वेळी सगळे हजर हवेत हा हट्ट सोडला की निम्मं भांडण मिटतं.

पण यात एक जागा आहे जिथे बहुतेक मंडळं घसरतात, आणि ती घड्याळात नाही, कार्यक्रमपत्रिकेत आहे. स्वागत, दिवंगतांना श्रद्धांजली, मागील सभेचं इतिवृत्त, जमाखर्च, पाहुण्यांचा परिचय, पाहुण्यांचा सत्कार, सत्काराला उत्तर. पाऊण तास गेला. नवा मुलगा पहिल्यांदा येतो, खुर्चीवर बसून दुसऱ्याच्या शालीचे फोटो बघतो आणि विषय रंगायला लागतो तेव्हा आभारप्रदर्शन सुरू होतं. तो पुढच्या वेळी "शिफ्ट होती" म्हणतो. शिफ्ट नसते. इतिवृत्त आणि जमाखर्च कमिटीच्या वेगळ्या बैठकीत घ्या, ती खुशाल गुरुवारी चारला ठेवा. शनिवारी सातला थेट नाणं हातात द्या.

विषयही असा निवडा की नवशिक्याला त्याच रात्री घरी जाऊन काहीतरी करता येईल. टांकसाळीच्या खुणा घ्या: सालाच्या खाली चौकट म्हणजे हिरा असेल तर मुंबई, तारा असेल तर हैदराबाद, ठिपका असेल तर नोएडा, काहीच नसेल तर कोलकाता. हे कळलं की माणूस रात्री घरातली सगळी चिल्लर पालथी घालतो. पुढच्या महिन्यात ब्रह्मपुरीला सापडलेली विळिवायकुर या इथल्या प्राचीन राजाची शिशाची नाणी घ्या, धनुष्यबाण असलेली. पंचगंगेच्या काठावर, आपण रोज ज्या टेकडीवरून जातो तिथे सातवाहनकाळातलं गाव होतं आणि तिथल्या उत्खननात निघालेली पोसायडनची कांस्यमूर्ती आज टाऊन हॉलच्या संग्रहालयात आहे, हे कोल्हापूरच्या किती तरुणांना माहीत असतं? एवढा माल गावात असताना मंडळात "माझा संग्रह: एक मनोगत" कशाला हवं.

शिफ्टवाल्यांसाठी एक वेगळी गोष्ट. त्यांची पाळी आठवड्याला फिरते, आणि साप्ताहिक सुट्टी रविवारीच असेल असं नाही, कारखान्यानुसार वार वेगळा. त्यामुळे तुम्ही कुठलीही वेळ ठेवली तरी त्यांना काही महिने जमेल, काही महिने नाही. "सलग तीन बैठकांना गैरहजर, सभासदत्व रद्द" असा नियम तुमच्या घटनेत असेल तर तो आधी काढा. तो नियम लिहिला तेव्हा सगळे दहा ते पाचवाले होते.

नवीन नाव नोंदवताना ग्रुपवर "कोणती वेळ सोयीची?" असं विचारू नका. सगळे अंगठा दाखवतात आणि कोणी येत नाही. फोन करून तीन गोष्टी विचारा: सुट्टीचा वार कोणता, सुटल्यावर घरी कसे जाता, आणि पाळी किती दिवस आधी कळते. मला या प्रश्नांतून कळलं की घरून काम करणाऱ्या मंडळींच्या अमेरिकेबरोबरच्या मीटिंगा संध्याकाळी साडेसहा ते नऊ असतात, सोमवार ते शुक्रवार. म्हणजे मधल्या वारी संध्याकाळ ठेवली असती तर जे सगळ्यात मोकळे वाटतात तेच अडकले असते.

मुली का येत नाहीत, याचंही उत्तर वेळेतच आहे असं समजू नका. सव्वाआठला संपणार म्हटलं की सव्वाआठला संपलं पाहिजे. घरी सांगितलेली वेळ पाळता आली तर पुढच्या महिन्यात कोणी प्रश्न विचारत नाही. आणि लहान मूल बरोबर आणलं तर चालेल, हे निमंत्रणातच लिहा. मुलांना तिकिटांचा डबा दिला की ती तासभर हलत नाहीत.

जागेचं पण बघा. अंबाबाईच्या देवळाजवळची जागा भाड्याने स्वस्त मिळत असेल, पण शनिवार-रविवारी पर्यटकांच्या गाड्यांनी महाद्वार रोड आणि भवानी मंडप भरलेला असतो. अर्धा तास पार्किंग शोधत फिरलेला माणूस परत येत नाही. दसरा चौक, शाहूपुरी, राजारामपुरी, ताराबाई पार्क यातली कुठलीही जागा बघा. शिरोलीहून येणाऱ्यालाही बरी, गोकुळ शिरगावहून येणाऱ्यालाही. आणि वॉचमनला आधीच विचारून घ्या की साडेआठपर्यंत कुलूप लावणार नाही ना.

वर्षाच्या सगळ्या तारखा जानेवारीतच छापून द्या. दोन दिवस आधी मेसेज टाकून तरुण येत नाहीत. त्या तारखांत गणपतीचा महिना वगळा, कारण तुमचे निम्मे तरुण सभासद तालमीच्या आणि मंडळाच्या कामात असतात, तिथे त्यांना नाही म्हणता येत नाही. नवरात्रात गावात गाडी घालणं अवघड. जुलै-ऑगस्टची बैठक कागदावर ठेवा, पण खाली एक ओळ छापा: राजाराम बंधाऱ्याजवळ पंचगंगा ३९ फुटांच्या इशारा पातळीवर गेली की बैठक आपोआप रद्द. २०१९ आणि २०२१ च्या पुरात शिरोलीजवळ महामार्ग बंद पडला होता, लोक अडकले होते. कोणी फोन करून विचारत बसायला नको.

राहिला फुटबॉल. दिवाळीनंतर शाहू स्टेडियमवर हंगाम सुरू झाला की पाटाकडील आणि दिलबहार या तालमींच्या संघांचा सामना असलेल्या दिवशी पेठेतला पोरगा तुमच्याकडे येणार नाही, नाण्यावर छत्रपतींची सही असली तरी. सामने दुपारचे असतात, सातपर्यंत स्टेडियम रिकामं होतं, म्हणून साधारण अडचण येत नाही. फायनल चौथ्या शनिवारी आली तर मात्र वाद न घालता बैठक रविवारी सकाळी आठला घ्या आणि तसं ग्रुपवर आठवडाभर आधी टाका.

नवी वेळ निदान सहा महिने चालवा. पहिल्या दोन महिन्यांत संख्या कमीच दिसेल, जुने थोडे गळतील आणि नवे अजून आलेले नसतील, आणि नेमकं तेव्हाच कोणीतरी "पूर्वीचीच वेळ बरी होती" असा ठराव मांडेल. तो वार्षिक सभेपर्यंत पुढे ढकला.