छतावरच्या तंबूचं वजन कुठं उतरवायचं?

प्रश्न : माझ्या डबल कॅब पिकअपच्या हौद्यावर फायबरची कॅनोपी, म्हणजे हौदा झाकणारं टप, आहे. तिच्यावर ५८ किलोंचा रूफटॉप तंबू बसवायचा आहे. चोरल, जानापावकडच्या कच्च्या वाटांवर नेहमी जाणं होतं. फॅब्रिकेटर म्हणतो, एक आडवा बार केबिनच्या टपावर आणि दुसरा कॅनोपीवर घेऊ. चालेल का?
— एक वाचक, इंदूर

उत्तर : अजिबात नको. केबिन आणि हौदा चासीवर वेगवेगळे बसवलेले असतात. एक चाक खड्ड्यात गेलं की दोन्ही आपापल्या दिशेनं पिळतात आणि तो पीळ तंबूच्या तळाला, नाहीतर कॅनोपीच्या छताला बसतो. दोन्ही बार कॅनोपीवरच घ्या.

आता वजन. रात्री गाडी उभी असताना तंबू, दोन माणसं, अंथरूण मिळून २०० किलोंच्या वर जातं. तरीही कॅनोपी तडकते ती बहुधा चालत्या गाडीत, कारण प्रत्येक आदळ्याला तंबूचा भार कैक पट होतो. म्हणून चालत्या गाडीत छत किती भार पेलतं, तो कॅनोपीच्या पुस्तिकेतला आकडा पाहा आणि तंबूच्या वजनात बारचं वजनही धरा. आकडा या वजनापेक्षा कमी असेल किंवा दिलेलाच नसेल, तर आतून सांगाडा हवाच. २५ × २५ मिमी, २ मिमी जाडीच्या चौकोनी पाइपच्या दोन कमानी अगदी बारांच्या खाली येतील अशा करा. पाय हौद्याच्या तळाला बोल्टनं धरा. कमान आणि छत यांच्यात रबराची पट्टी घाला, पण फट ठेवू नका. फट राहिली तर भार पुन्हा फायबरवरच.

भोकाच्या जागी चिकटपट्टी लावून आधी ३ मिमी, मग ९ मिमीचं ड्रिल चालवा. पट्टीमुळे जेलकोट, म्हणजे फायबरवरचा गुळगुळीत थर, उडत नाही. ८ मिमीचे स्टेनलेस बोल्ट, रुंद वॉशर, नायलॉक (आत नायलॉनचं कडं असलेले) नट वापरा. भोकात पॉलियुरेथेन सीलंट भरा. व्हिनेगरसारखा वास येणारा सिलिकॉन नको, तो धातू खातो. नट आधी अर्धवट आवळा आणि २४ तासांनी पूर्ण. ओल्यातच करकचून आवळला तर सीलंट सगळा बाहेर येतो, आणि अति आवळल्यानं फायबर चिरडून भोकाभोवती जाळीसारख्या चिरा पडतात. पावसाळ्यात पाणी तिथूनच झिरपतं.

पहिल्या ५० किलोमीटरनंतर सगळे नट तपासा. कॅनोपी हौद्याला धरणारे क्लॅम्प विसरू नका, बहुतेक वेळा सैल तेच होतात. नट आणि बोल्टवरून रंगाची एक रेघ ओढून ठेवा. रेघ तुटलेली दिसली, की नट सरकला.